वाडेकर आपले, चंद्राही आपलाच



आपल्या या समूहावर अफजलपूर, आळंद, गाणगापूर भागातल्या जुन्या आठवणी बरेच जण लिहितात. वाडे, लग्नं, भीमेचे पूर, दत्ताच्या पालख्या, सगळं वाचतो आणि बरं वाटतं. मी कॉमर्सचा पदवीधर, पस्तीस-छत्तीस वर्षं बँकेत काढलेली. मला वाड्यांबद्दल तितकं छान लिहिता येणार नाही. म्हणून आज आकड्यांच्या वाटेनं जातो आणि एका खेळाडूच्या कारकिर्दीचा हिशेब मांडतो. खेळाडू मुंबईचा आहे, पण हिशेब आपल्या तालुक्याचाही आहे. कसा, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत. ती सांगतात की तिथं कॉलेजचे फुटबॉल सामने बघायला लाख लाख माणसं जमतात. चेंडू काखोटीला मारून पळणाऱ्या पोरानं किती यार्ड कापले याचे विक्रम ठेवतात आणि त्या विक्रमांवर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. आपल्याकडे अशी जागा एके काळी आंतरविद्यापीठ क्रिकेटची होती. रोहिंटन बारिया करंडक. 1935-36 पासून या स्पर्धेत कॉलेजची पोरं खेळत आली, आणि त्यातून कित्येक जण थेट रणजीत आणि कसोटीत गेले.

त्यातलं एक नाव अजित वाडेकर. जन्म 1 एप्रिल 1941. एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान शाखेचा विद्यार्थी, गणितात हुशार, आणि घरच्यांना वाटायचं पोरगा इंजिनिअर होईल. क्रिकेटमध्ये ते कसे आले याची गोष्ट मजेशीर आहे. बाळू गुप्ते, जे पुढे कसोटीही खेळले, त्याच कॉलेजात होते. बसमध्ये दोघांची गाठ पडायची. एक दिवस गुप्ते म्हणाले, आमच्या संघाला बारावा गडी हवाय, येतोस का? दिवसाचे तीन रुपये मिळतील. तीन रुपयांसाठी वाडेकर गेले. मैदानावर पाणी न्यायला गेलेला मुलगा पुढे देशाचा कप्तान झाला. बँकेतल्या माणसाला विचाराल तर तीन रुपयांची याहून चांगली गुंतवणूक मी तरी पाहिली नाही.

डावखुरे, सडसडीत, चालणं असं की जणू कुठेच घाई नाही. पण बॅट हातात आली की धावांचा पाऊस. मुंबई विद्यापीठासाठी त्यांनी एका डावात 324 धावा केल्या. कॉलेज क्रिकेटमध्ये हा आकडा विक्रम म्हणून बरेच दिवस सांगितला जायचा. 1958-59 मध्ये ते मुंबईच्या रणजी संघात आले. योगायोग बघा, त्याच वर्षापासून मुंबईनं रणजी करंडक जिंकायला सुरुवात केली आणि सलग पंधरा वर्षं तो सोडला नाही.

एवढं असून कसोटीची टोपी मिळायला डिसेंबर 1966 उजाडला. म्हणजे आठ वर्षं रांगेत. आजकालच्या पोरांना दोन मोसम वाट बघायला लावली तर घरचे लोक वर्तमानपत्राला पत्र लिहितील. वाडेकर धावा करत राहिले, दिवसा बँकेत नोकरी करत राहिले. हो, ते स्टेट बँकेत होते. तेव्हा क्रिकेट पोट भरण्याचं साधन नव्हतं. बँका, रेल्वे, टाटा अशा ठिकाणी नोकरी आणि सुट्टी मिळाली की खेळ. आम्ही बँकवाले त्यामुळे त्यांना जरा जास्तच आपले मानायचो.

आता आपल्या तालुक्याचा संबंध.

1966-67 च्या मोसमात वाडेकरांनी प्रथम श्रेणीतली आपली सर्वोच्च खेळी केली. 323 धावा. कुणाविरुद्ध? म्हैसूरविरुद्ध. आणि आपण तेव्हा कुठे होतो? म्हैसूर राज्यात! अफजलपूर तालुका आधी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर भारतात. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार रचना झाली आणि गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. 1 नोव्हेंबर 1973 ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. माझ्या पिढीचा माणूस हैदराबाद राज्यात जन्मला, म्हैसूर राज्यात शाळा शिकला आणि कर्नाटकात नोकरीला लागला, आणि या सगळ्यात त्यानं घर एकदाही बदललं नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड, तहसीलच्या जुन्या कागदांवर उर्दू.

अशा घरात मुंबई-म्हैसूर सामना म्हणजे पंचाईत. सोलापूरची वर्तमानपत्रं एस.टी.नं यायची, तोपर्यंत दुपार व्हायची. त्या 323 ची बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या मराठी घरांतून आनंद होता. समोरचे किराणावाले अण्णा कन्नडभाषक, मराठी मात्र आमच्यापेक्षा खणखणीत. ते तराजू हातात धरूनच म्हणाले, "काय रे, तुमच्या माणसानं आमच्या माणसांना धुतलं म्हणायचं!" हसूनच म्हणाले. पण "तुमच्या" आणि "आमच्या" हे दोन शब्द कानाला लागले. आम्ही त्यांच्याकडून उधारीवर तूरडाळ आणणारी माणसं. त्यांच्या घरी लग्न निघालं की आमच्या घरी लाडू वळले जायचे. मग आमची माणसं नक्की कोणती? सीमाप्रश्नावर मोठी माणसं बोलत, आयोग बसत. पण शाळकरी पोराला तो प्रश्न असा तराजूच्या काट्यावर येऊन भेटला.

त्याचं उत्तर पाच वर्षांनी मिळालं, आणि तेही वाडेकरांच्याच हातून.

1971 च्या सुरुवातीला निवड समितीत कप्तानपदासाठी पतौडी की वाडेकर असा प्रश्न आला. अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं. संघ वेस्ट इंडीजला गेला. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत पहिला दिवस पावसात वाहून गेला. दिलीप सरदेसाईंनी, म्हणजे मडगावच्या आपल्या गोवेकरानं, 212 धावा ठोकल्या, भारत 387. वेस्ट इंडीज 217 वर आटोपलं. आघाडी 170. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला 200 ची आघाडी लागते, पण सामना चार दिवसांचा उरला तर 150 पुरते. हा नियम वाडेकरांना पाठ होता. ते सरळ सोबर्सकडे गेले आणि सांगितलं, तुम्हीच परत खेळायला या. सामना अनिर्णित राहिला, पण वेस्ट इंडीजला आपण फॉलोऑन देऊ शकतो हे आपल्या पोरांना कळलं. नियमाचं पुस्तक नीट वाचलेल्या माणसाचा फायदा होतो, हे बँकेत मी नवीन मुलांना हेच उदाहरण देऊन सांगायचो.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. सात गडी राखून आपण जिंकलो, वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्यांदाच, आणि मालिकाही 1-0 अशी खिशात घातली. त्या दौऱ्यात सुनील गावसकर नावाच्या मुलानं चार कसोटींत 774 धावा केल्या. आता यातली गंमत ऐका. वाडेकरांचा विद्यापीठाचा 324 चा विक्रम मोडणारा हाच मुलगा. त्यानं मुंबई विद्यापीठाकडून 327 केल्या होत्या, तीनच धावा जास्त. ज्यानं आपला विक्रम मोडला त्यालाच संघात घेऊन पुढं न्यायचं, हे वाडेकरांनी केलं. मोडलेल्या विक्रमाचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

मग इंग्लंड. पहिल्या दोन कसोटी अनिर्णित, तिसरी ओव्हलला. इंग्लंड 355, भारत 284. म्हणजे 71 नं मागं. आणि मग भागवत चंद्रशेखर आले. लहानपणी पोलिओनं उजवा हात बारीक झालेला, त्याच हातानं लेगस्पिन टाकणारा म्हैसूरचा चंद्रा. 38 धावांत 6 बळी. इंग्लंड 101 सर्वबाद. जिंकायला 173 हव्या. चौथ्या दिवसअखेर 2 बाद 76, वाडेकर 45 वर नाबाद.

पाचवा दिवस 24 ऑगस्ट 1971. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. लंडनमधल्या आपल्या लोकांनी चेसिंग्टनच्या प्राणीसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. वाडेकर सकाळी एकही धाव न वाढवता धावचीत झाले. ते आत आले आणि झोपले! म्हैसूरच्या विश्वनाथनं 33 धावा करून एक बाजू धरून ठेवली आणि शेवटी विजयी चौकार मारला हैदराबादच्या सय्यद आबिद अलीनं. कप्तानाला उठवून सांगावं लागलं की आपण जिंकलो.

आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ, आरतीची वेळ. मी तेव्हा कॉलेजात, सणाला घरी आलेलो. ट्रान्झिस्टर अण्णांच्या दुकानाच्या फळीवर. शॉर्टवेव्हवर आवाज यायचा, जायचा, समुद्राच्या लाटेसारखा. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी सगळी गल्ली तिथं. जिंकलो तेव्हा अण्णांनी गुळाची ढेप फोडली आणि प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवला. आतून बायका आरतीला हाका मारत होत्या, ऐकतंय कोण.

रात्री मी विचार करत बसलो. कप्तान मुंबईचा मराठी माणूस. सामना फिरवणारा चंद्रा आणि किल्ला लढवणारा विश्वनाथ म्हैसूरचे. शेवटचा फटका हैदराबादच्या माणसाचा. मराठी घर, म्हैसूर राज्य, हैदराबादचा भूतकाळ! आमच्या तालुक्याच्या तिन्ही चाव्या एकाच जुडग्यात. आपला कोण, या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. ज्यांच्याबरोबर गूळ खाल्ला ते सगळे.

पण कारकीर्द म्हटली की फक्त जमेची बाजू सांगून चालत नाही.

मार्च 1974, बंगळूर, रणजी उपांत्य सामना. आता नाव कर्नाटक. विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांची शतकं. प्रसन्नानं गावसकरचा असा त्रिफळा उडवला की अजून लोक त्या चेंडूबद्दल बोलतात. वाडेकर जम बसवून खेळत होते, धावताना पाय घसरला आणि धावचीत. पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक जिंकलं, मुंबईची पंधरा वर्षांची सद्दी संपली, आणि पुढं कर्नाटकनं पहिल्यांदा करंडक उचलला. या वेळी अण्णांनी पेढे वाटले. मला वाईट वाटलं आणि पेढाही गोड लागला, दोन्ही खरं.

त्याच उन्हाळ्यात इंग्लंडचा दौरा. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात भारत 42 सर्वबाद. मालिका 3-0 नं गेली. ज्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी हार घातले होते त्यांनीच घरावर दगड मारले. इंदूरला 1971 च्या विजयाची आठवण म्हणून उभारलेल्या बॅटला लोकांनी डांबर फासलं. पश्चिम विभागाच्या संघातूनही नाव वगळलं गेलं. वय फक्त 33. वाडेकरांनी खेळ सोडला आणि बँकेतल्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेलो. आमचे जुने हेडक्लार्क म्हणायचे, खातेदाराची पत एका महिन्याच्या पानावरून ठरवू नये, सगळं लेजर बघावं. लोकांनी वाडेकरांचं एकच पान पाहिलं. आपण लेजर बघू. 37 कसोटी, 2113 धावा, एकच शतक, 1968 ला वेलिंग्टनला 143. मेलबर्नला 99 वर बाद. प्रथम श्रेणीत 15380 धावा, सरासरी 47, शतकं 36. कप्तान म्हणून वेस्ट इंडीजमध्ये, इंग्लंडमध्ये आणि मग 1972-73 ला घरी इंग्लंडविरुद्ध, अशा लागोपाठ तीन मालिका जिंकल्या. भारताचे एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले कप्तानही तेच, आणि त्या पहिल्या सामन्यात त्यांच्या धावा 67.

आणि खातं तिथं बंद झालंच नाही. नव्वदच्या दशकात ते भारतीय संघाचे मॅनेजर झाले. 1993 ला इंग्लंडला घरी 3-0 नं हरवलं. 1974 च्या 3-0 ची वसुली म्हणा हवं तर. आता संघ बघा. मॅनेजर मुंबईचे वाडेकर, कप्तान हैदराबादचा अझरुद्दीन, आणि त्या मालिकेत 21 बळी घेणारा कर्नाटकचा अनिल कुंबळे. पुन्हा त्याच तीन चाव्या! तोवर गावात टीव्ही आला होता. अण्णा थकले होते, पण त्यांच्या नातवानं हाक मारून आम्हाला बोलावलं.

वाडेकर 15 ऑगस्ट 2018 ला गेले. तारीखही बघा कशी.

आपली नातवंडं आता विचारतात, आजोबा, आपण महाराष्ट्राचे की कर्नाटकचे? भांडणाच्या बातम्या आल्या, बसगाड्या अडवल्या की जास्तच विचारतात. मी त्यांना नकाशा दाखवत नाही. ओव्हलच्या त्या डावाचा स्कोअरबोर्ड काढून देतो आणि म्हणतो, नावं वाच, मग गावं वाच.

तुमच्या घरी, गल्लीत 1971 चा तो दिवस कसा गेला? कुणाकडे ट्रान्झिस्टर होता, कुणी काय वाटलं? ज्येष्ठांना विचारून खाली जरूर लिहा. आणि कन्नड शेजाऱ्यांकडच्या आठवणीही मागून घ्या, त्यांच्याशिवाय आपला हिशेब जुळणार नाही.