नागोयातली उषा

नागोया म्हटले की आपल्या मंडळींना मोटारींचे कारखाने आठवतात. तिथले यामाझाकी माझाक कलासंग्रहालय सहसा कुणाच्या यादीत नसते. माझाक हे नाव पुण्याकडच्या यंत्र-अभियंत्यांना नवे नाही. १९१९ साली नागोयात सुरू झालेली, लेथ वगैरे यंत्रे बनवणारी ही कंपनी. तिचे प्रमुख तेरुयुकी यामाझाकी यांनी हौसेने फ्रेंच चित्रे जमवली आणि २०१० मध्ये ती सर्वांसाठी खुली केली.

त्यांत फ्रान्स्वा बूशेचे ‘अरोरा आणि केफालस’ हे तैलचित्र आहे. बूशेचा जन्म १७०३ चा. थोरल्या बाजीरावांपेक्षा तीन वर्षांनी धाकटा! त्याची रोकोको शैली म्हणजे श्रीमंती दिवाणखान्यांसाठीची नाजूक, गुलाबी-निळी चित्रकला. मादाम द पोंपादूर त्याची आश्रयदाती. १७६५ मध्ये तो राजाचा प्रथम चित्रकार झाला. दिदरोने मात्र त्याच्यावर सडकून टीका केली, आणि राज्यक्रांतीनंतर तर अशी चित्रे अडगळीतच गेली.

अरोरा ही रोमनांची पहाटदेवता. केफालस या शिकाऱ्यावर तिचे मन जडते, ती त्याला पळवून नेते; पण तो काही बायकोला विसरत नाही. मला कथेपेक्षा नावाचे नवल वाटले. अरोरा, ग्रीकांची इऑस आणि आपली उषस् ही एकाच मूळ शब्दाची लेकरे. ऋग्वेदात उषेची सुमारे २० सूक्ते आहेत, आणि एका सूक्तात ती नर्तकीसारखी नटून छाती उघडी करते. तेव्हा बूशेच्या अनावृत देवी पाहून नाक मुरडायचा हक्क आपल्याला फारसा उरत नाही.

बूशेच्या काळी अरोरापुढे कुणी हात जोडत नव्हते. ती भिंतीची शोभा होती. आपल्याकडे उलटे झाले. राजा रविवर्म्याने पाश्चात्त्य तैलरंगांत लक्ष्मी-सरस्वती रंगवल्या, १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, आणि त्या तसबिरी थेट देवघरात गेल्या. उषेला मात्र तिथे जागा मिळाली नाही. ती मुलींच्या नावात राहिली.

जपानची सूर्यदेवता अमातेरासू आजही पूजेत आहे. नागोयाहून किंतेत्सु रेल्वेने दीडेक तासात तिच्या इसे देवस्थानी पोचता येते. दोन्ही एका फेरीत जरूर पाहा. इसेला देवीचे चित्र नाही, मूर्ती नाही. तिचे प्रतीक म्हणून एक आरसा आहे, आणि तोही कुणाला दाखवत नाहीत.