वाचणारे खाते : नाशिकचा खून आणि गुप्तवार्तेचा इतिहास

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. हा अनंत आमच्या खेड तालुक्यातील आयनी गावचा. तालुक्यात त्याचे नाव आदराने घेतले जाते. मात्र ज्या यंत्रणेने त्याच्यासारख्यांना हुडकण्यासाठी आपली घडी बसवली, तिचा इतिहास आम्ही मराठीचे अध्यापक क्वचितच वाचतो. तो वाचायला हवा, कारण त्या यंत्रणेचे निम्मे काम आपल्याच विषयाचे होते. ती वाचत असे, आणि मुख्यतः मराठी वाचत असे.

आरंभ थोडा मागे आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी कंपनी सरकारने उभारलेले ठगी आणि डकैती खाते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ निरुद्योगी झाले होते. १८८७ मध्ये लंडनहून आलेल्या आदेशानुसार त्याच खात्यात राजकीय व सामाजिक हालचालींची माहिती गोळा करणारी एक मध्यवर्ती विशेष शाखा निर्माण झाली, आणि प्रांतांतही तिच्या जोडशाखा निघाल्या. आजचा केंद्रीय गुप्तवार्ता विभाग आपली जन्मतारीख याच वर्षाची सांगतो. दरोडेखोरांचा माग काढणाऱ्या कचेरीत राजकारणाची टिपणे ठेवली जाऊ लागली, ही गोष्ट केवळ सोयीची नव्हती. राज्यकर्त्यांच्या मनात या दोहोंतील अंतर किती थोडे होते, हे तीतून दिसते.

दहा वर्षांनी, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी चालली आणि या नव्या शाखेची परीक्षा झाली. तपास लागला तो फितुरीमुळे. पोलिस आयोग १९०२-०३ मध्ये बसला आणि १९०४ मध्ये ठगी खाते मोडून केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खाते स्थापन झाले. प्रांतोप्रांती गुन्हे अन्वेषण खाती आली. कागदावर रचना सुबक होती. जिल्ह्यातून प्रांताकडे आणि प्रांतातून सिमल्याकडे माहिती जाई, आणि तिची संक्षिप्त गोपनीय पत्रके निघत. शेजारी प्राच्य भाषांतरकाराची कचेरी होती. तिथे मराठी-गुजराती वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला तयार होत. सारांश करणारे बहुधा आपल्यासारखेच, इथल्या महाविद्यालयांतून शिकलेले लोक असत. शिवरामपंत परांजप्यांच्या वक्रोक्तीचे इंग्रजी कसे करावे, या पेचाशी समीक्षकांच्या आधी ते झगडले असणार.

नाशिकच्या प्रकरणात तर साहित्य पावलोपावली येते. बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती कवितांच्या पुस्तिकेवरून. पौराणिक रूपकांतला राजद्रोह न्यायालयाने उलगडून दाखवला. त्या शिक्षेचा सूड म्हणून कट शिजला, खून नाट्यगृहात झाला, आणि लगेच १९१० मध्ये खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली. कीचक म्हणजे कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखले होते. सरकारनेही ओळखले. वाचक म्हणून दोघेही बरोबरच होते, असे म्हणावे लागते. परंतु रूपक अचूक ओळखणाऱ्या या यंत्रणेला लंडनहून लपवून आलेली ब्राउनिंग पिस्तुले मात्र वेळेवर दिसली नाहीत. काव्याचा अर्थ लागला, आणि पिस्तुलाचा मार्ग लागला तो खुनानंतर.

जॅक्सन यांच्याविषयी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हा गृहस्थ संस्कृतचा जाणकार होता आणि लोकसमजुती गोळा करण्याचा त्याला नाद होता. त्याने जमवलेल्या सामग्रीवरून एन्थोवेन यांनी गुजरात आणि कोकणच्या लोकसाहित्याची टिपणे पुढे प्रसिद्ध केली. त्यांतील कोकणचा भाग १९१५ चा आहे. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली उत्तरे त्यात आहेत. भुतेखेते, नवस, पावसाचे तोडगे, सारे आहे. म्हणजे कोकणाबद्दल माहिती जमवणारे दोन प्रवाह एकाच राजवटीत वाहत होते. अनंत ज्या मातीतला, तिच्या श्रद्धा जॅक्सनच्या टिपणवहीत होत्या, आणि तरीही तो मुलगा कुणाच्याच नोंदीत नव्हता.

१९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मोठ्या कटाचा खटला खास न्यायाधिकरणापुढे चालला. मुंबई इलाख्यातील वॉलिंजर नावाच्या पोलिस अधिकाऱ्याकडे परदेशस्थ हिंदी क्रांतिकारकांवर नजर ठेवणाऱ्या लंडनमधील कचेरीचे काम देण्यात आले. १९१८ मध्ये रौलट समितीने आपल्या अहवालाचे पहिलेच प्रकरण मुंबई इलाख्याला दिले. १९२० मध्ये खात्याला 'इंटेलिजन्स ब्युरो' हे नाव मिळाले. १९२४ ते १९३७ या काळात सावरकरांच्या स्थानबद्धतेमुळे साऱ्या रत्नागिरी जिल्ह्याची हद्द हीच तुरुंगाची भिंत झाली, आणि खेडही तिच्या आत आले.

स्वातंत्र्यानंतर खाते राहिले, शत्रू बदलला. ब्युरोला ना स्वतंत्र कायदा मिळाला, ना अटकेचा अधिकार. माहिती द्यायची आणि कारवाई पोलिसांनी करायची, हीच जुनी वाटणी चालू राहिली. तिची किंमत कोकणाने पाहिली आहे. बाणकोटच्या खाडीपलीकडे, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीला फेब्रुवारी १९९३ मध्ये स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. लाच घेऊन डोळे मिटणारे कस्टमचे आणि पोलिस खात्याचे काही लोक पुढे न्यायालयात दोषी ठरले. कारगिलनंतर, २००१ मध्ये, ब्युरोमध्ये विविध यंत्रणांची दहशतवादविषयक माहिती एकत्र आणणारे बहुयंत्रणा केंद्र निघाले. महाराष्ट्राने २००४ मध्ये दहशतवादविरोधी पथक उभारले. त्याचे प्रमुख हेमंत करकरे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मारले गेले. समुद्रमार्गे हल्ल्याच्या सूचना आधी आल्या होत्या. त्या वाचल्या गेल्या, पण कुणीतरी कृती करावी इतक्या नेमक्या त्या कुणाला वाटल्या नाहीत.

आमच्या विद्यार्थ्यांसाठी शेवटी एका पुस्तकाचा उल्लेख करतो. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त पोलिसांनी इंग्रजीत भाषांतरित करून १९१० च्या गोपनीय पत्रकांत छापले, म्हणजे जॅक्सनच्या खुनानंतर, तपासाला उपयोगी पडावे म्हणून असेल. ते भाषांतर मुंबई सरकारने १९५८ मध्ये स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथात प्रसिद्ध केले. मराठी आत्मवृत्त वि. गो. खोबरेकरांच्या संपादनाखाली निघाले १९७४ मध्ये. फाशी जाणाऱ्याच्या हातचे हे मराठी गद्य आपल्यापर्यंत पोहोचले ते ज्या खात्याने ते जप्त केले, त्याच्याच दप्तरातून.