भाग 34 : फॉर्म भरायला वेळ नव्हता

आजची गोष्ट एका फॉर्मची आहे. कंटाळवाणी वाटेल, पण थोडं थांबा.

स्थळ वॉशिंग्टन, सोमवार, 3 मे 1971. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तोवर पुष्कळ मोर्चे निघून गेले होते. 24 एप्रिलला याच शहरात लाखो लोक जमले होते, आणि युद्ध चालूच होतं. म्हणून तरुणांच्या एका गटानं ठरवलं, आता सकाळी सकाळी पूल आणि चौक अडवायचे, म्हणजे सरकारी नोकरदार कचेरीत पोचणारच नाहीत. सरकार युद्ध थांबवत नसेल तर आम्ही सरकार थांबवू, अशी घोषणा. कुठला पूल, कुठला चौक, हे त्यांनी पुस्तिका छापून आधीच जाहीर केलं होतं! म्हणजे निक्सन सरकारला तयारीला भरपूर वेळ मिळाला. आदल्या दिवशी आंदोलकांच्या मुक्कामाच्या मैदानाचा परवाना रद्द केला, हजारोंनी सैनिक शहरात आणले.

आता तो फॉर्म. वॉशिंग्टन पोलिसांची एक चांगली पद्धत होती. मोर्च्यात कुणाला अटक केली की जागच्या जागी एक फॉर्म भरायचा : नाव, वेळ, ठिकाण, गुन्हा काय, अटक कुणी केली. सोबत पोलीस आणि आरोपी यांचा पोलरॉइड फोटो. गर्दीत पुढे कुणी कुणाला पकडलं हे कळावं म्हणून.

त्या सकाळी पोलीसप्रमुख जेरी विल्सन यांनी ही पद्धत स्थगित केली. कारण व्यवहारी होतं : फॉर्म भरत बसलं तर रस्ते मोकळे कधी होणार?

खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विल्सन यांचं पटलं. मीही हे केलंय. एका सेलच्या रात्री आमच्या सिस्टमवर लोड इतका वाढला की आम्ही लॉगिंग बंद केलं. साइट पळायला लागली, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेल्याचं कळलं, आणि कुणाचे, कधी, का, हे सांगायला आमच्याकडे एक ओळसुद्धा नव्हती.

तिथेही तेच झालं, फक्त पैशांऐवजी माणसं होती. फॉर्म गेल्यावर पोलिसाला 'याला का पकडलं?' असं स्वतःला विचारायची गरजच उरली नाही. रस्ता अडवणारे पकडले, तसेच फुटपाथवरून कॉलेजला निघालेले, कामावर जाणारे, बघे, सगळेच गाडीत कोंबले. एका दिवसात सुमारे 7 हजार. तीन दिवसांत 12 हजारांच्या वर. तुरुंगात जागा कुठली? म्हणून आरएफके स्टेडियमच्या सरावाच्या मैदानावर, कुंपणाच्या आत, उघड्यावर उभे केले. आसपासच्या कृष्णवर्णीय वस्तीतले लोक त्यांच्यासाठी खाणं घेऊन आले. रात्री थंडी वाढल्यावर बऱ्याच जणांना वॉशिंग्टन कोलिझियममध्ये हलवलं. हो, बीटल्सचा अमेरिकेतला पहिला कार्यक्रम 1964 साली जिथे झाला, तेच.

न्याय खात्यातले विल्यम रेन्क्विस्ट यांनी या सगळ्याला कायद्याचा आधार शोधला : एक प्रकारचा मर्यादित 'मार्शल लॉ'. राष्ट्राध्यक्षांनी तर तो पुकारलाच नव्हता! हेच रेन्क्विस्ट पुढे 1986 मध्ये अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले.

मग खटले कोर्टात आले आणि गंमत सुरू झाली. सरकारी वकील उभे, आरोपी उभा, पण त्याला पकडणारा पोलीस कोण? तो कुठे होता? करत काय होता? कुणालाच माहीत नाही. खटले ढिगांनी बाद झाले. ज्यांनी खरोखर पूल अडवला होता तेही सुटले, हे विसरू नका. शिक्षा मोजक्याच लोकांना झाली. सर्वांत महाग पडली 5 मेची अटक. त्या दिवशी संसदेच्या पायऱ्यांवर खासदार रॉन डेलम्स भाषण करत होते आणि ऐकायला बसलेल्या सुमारे 1,200 लोकांना उचललं. 1975 मध्ये ज्यूरीनं त्यांना सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलर भरपाई दिली. अपिलात ती कमी झाली, पण हक्क मान्य झाला.

आपल्याकडे हा कागद आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये सांगितलं : अटकेचा मेमो करायचा, त्यावर वेळ आणि तारीख, साक्षीदाराची सही, अटक झालेल्याची सही, आणि त्याच्या माणसांना कळवायचं. पण तो 'अटके'साठी. 'ताब्यात घेतलं' म्हटलं की कागद कुठे जातो, कुणास ठाऊक.

माझा एक मित्र कॉलेजात असताना एका मोर्च्यातून असाच बसमध्ये बसवला गेला. फोन काढून घेतला, एका हॉलमध्ये बसवलं, रात्री साडेदहाला 'जा' म्हणाले. घरी आई रडून अर्धी झालेली. दुसऱ्या दिवशी त्याची प्रॅक्टिकल परीक्षा बुडाली होती, तर सरांनी पुरावा मागितला. त्याच्याकडे काय होतं? बसमधल्या तिघांची नावं, तीही अर्धवट ऐकलेली.