खंडेनवमीची बासुंदी: रात्री १० ते दुपारी ४

कंपनी भोसरीतली धरा नाहीतर चाकणची. खंडेनवमीला मशीनपूजा आणि गोडाचं जेवण सगळीकडेच.

रात्री १०:०० : बासुंदी आटली. उकळीत दुधातले जंतू मेले. गार झाल्यावर वरून चारोळी पेरणाऱ्या आचाऱ्याचा अंगठा कापलेला, चिकटपट्टी भिजून सुटलेली. जखमेतला स्टॅफिलोकोकस ऑरियस पातेल्यात उतरतो. (तो धडधाकट माणसाच्या नाकातही सुखाने राहतो.)

रात्री ११ ते सकाळी ११ : पातेलं फ्रीजमध्ये मावत नाही, म्हणून झाकून ओट्यावर. मोठी चूक हीच. ऑक्टोबरचा उकाडा आहेच, आणि हा जंतू साखरेला जुमानत नाही. अर्ध्या तासाला दुप्पट धरला, तर सहा तासांत चार हजारपट. वाढता वाढता विष सोडतो.

सकाळी ११:३० : पुन्हा उकळी. जंतू मेले, विष उकळीलाही पुरून उरलं. वास, चव जशीच्या तशी.

दुपारी १२:४५ : लेथला झेंडूची माळ, टूलरूममध्ये नारळ, मग पंगत. आग्रह फार! आजारी पडायला मायक्रोग्रॅमभर विषही लागत नाही.

दुपारी २:१५ : आतड्याच्या अस्तरात एंटेरोक्रोमॅफिन पेशी विरळ विखुरलेल्या असतात. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात, तेही मुख्यतः यांच्याकडे. त्यांच्यावरचा टीआरपीए-१ रिसेप्टर लोणच्यातल्या मोहरीचा झणकाही ओळखतो. म्हणजे चव घेणं जिभेवर संपत नाही. विषाने आतडं डिवचलं की या पेशी सेरोटोनिन ओततात. ते शेजारच्या व्हेगस नसेच्या टोकांवरल्या ५-एचटी-३ रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टर उघडतो, सोडियम आत शिरतं आणि वर्दी मेंदूच्या तळाशी पोचते. बीजिंगच्या संशोधकांनी २०२२ मध्ये उंदरांमध्ये ही वाट दाखवून दिली.

दुपारी २:५० : पहिली उलटी. मग बेसिनपाशी रांग. साडेतीनची शिफ्टची बस घरी न जाता दवाखान्याकडे वळते.

दुपारी ४:०० : कुणीतरी अँटिबायोटिक मागतो. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या परिसरात हे साहजिकच. पण मारायला जंतू उरलाय कुठे? ऑन्डनसेट्रॉनचं इंजेक्शन ५-एचटी-३ रिसेप्टरच अडवतं, ओआरएस गेलेलं पाणी भरून काढतं. बहुतेक जण दिवसभरात सावरतात. कँटीनमध्ये पातेलं घासून झालंय. एखाद्या वाटीत उरलेली बासुंदी सापडलीच, तरी जंतू वाढवून पाहण्यात हाती काही लागायचं नाही. तपासावं लागेल ते विष.