पेंसांव, परात आणि पगार

महाग गोष्टींची भाषा जगभर एकच असते. पंचतारांकित हॉटेल नाशिकचं असो की लिस्बनचं, लॉबी, रिसेप्शन, चेक-इन, बुफे हे शब्द काही बदलत नाहीत. स्वस्त गोष्टींना मात्र जिथल्या तिथल्या भाषेत नावं असतात. आपल्याकडे खाणावळ, धर्मशाळा, टपरी. पुण्यात तर चहाच्या दुकानाला अमृततुल्य. लिस्बनसारख्या चढउताराच्या, पण पायी हिंडता येणाऱ्या शहरात बेताच्या पैशांत राहायचं-खायचं असेल, तर पाट्यांवरचं पोर्तुगीज वाचता यायला हवं. मराठी माणसाला त्यातलं बरंचसं जन्मापासून येत असतं, फक्त ते पोर्तुगीज आहे हे त्याच्या गावी नसतं.

पोर्तुगीज चौलला आले ते सोळाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत. 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, ती 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकून घेईपर्यंत. गोव्यात तर ते 1961 पर्यंत होते. इतक्या दीर्घ शेजारात मराठीने त्यांच्याकडून जे शब्द घेतले ते बहुतेक मुदपाकखान्यातले, कोठारातले, सुताराच्या आणि स्वयंपाक्याच्या हातातले. या शब्दांचा माग काढणारा मोठा अभ्यासक गोव्याचाच होता. मॉन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांचा जन्म 1855 मध्ये आसगावचा. आशियाई भाषांवरच्या पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावाचा त्यांचा ग्रंथ 1913 मध्ये निघाला आणि 1922 मध्ये लिस्बनमध्येच त्यांनी देह ठेवला.

आधी राहण्याचं पाहू. रोसियु चौकाच्या आसपास किंवा मार्तिम मोनिशच्या बाजूला जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर ‘पेंसांव’ अशी पाटी दिसते. पेंसांव म्हणजे साधं, घरगुती वळणाचं लॉज. कधीकधी न्हाणीघर सामाईक. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, कारण तो आणि आपलं पेन्शन एकच. लॅटिनमध्ये मूळ क्रियापद तोलण्याचं. पैसा नाण्यांत मोजण्याऐवजी वजनावर दिला जाई, तेव्हा ‘तोलून दिलेलं’ म्हणजे देणं. नोकराला सरकारने ठरावीक काळाने दिलेलं देणं ते पेन्शन, आणि पाहुण्याने राहण्या-जेवण्यापोटी घरमालकाला दिलेलंही पेन्शनच. पुढे पैशाचं नाव घराला चिकटलं. पोर्तुगीजमध्ये दोन्ही अर्थ अजून नांदतात: म्हातारा पेंसांव घेतो आणि प्रवासी पेंसांवमध्ये उतरतो. दोन वेळच्या जेवणासह मुक्काम असेल तर ‘पेंसांव कोंप्लेता’, एकाच वेळचं असेल तर ‘मेया पेंसांव’.

2008 च्या कायद्याने पेंसांव हा सरकारी वर्गच बाद झाला. आता अशा घरांवर बहुधा ‘आलोजामेंतु लोकाल’ म्हणजे स्थानिक निवास या नावाची, ‘ए एल’ अक्षरांची फलकी असते. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या फ्लॅट्सना आणि खोल्यांनाही हीच संज्ञा लागू आहे. या ‘स्थानिक’ निवासांच्या सुकाळात अल्फामा आणि मोरारिया या जुन्या पेठांतल्या स्थानिकांनाच भाडं परवडेना. शेवटी 2018 मध्ये तिथल्या नव्या नोंदण्या नगरपालिकेने थांबवल्या. सरकारी शब्द असा आपल्याच अर्थावर उलटू शकतो.

बाकी हॉटेल, हॉस्टेल आणि हॉस्पिटल ही सगळी एका घरातली भावंडं. लॅटिन ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणाही आणि यजमानही. आपलं इस्पितळ त्याच कुळातलं. गंमत म्हणजे मराठीत ‘हॉटेलात जाऊ’ म्हटलं की माणूस खायला निघतो, झोपायला नव्हे. झोपायला आपल्याला लॉज लागतं. लिस्बनमध्ये हॉटेलच्या पाटीखाली मिसळीसारखं काही शोधू नये. नुसती खोली भाड्याने हवी असेल तर शब्द ‘क्वार्तु’. मूळ अर्थ चौथा हिस्सा, घराचा एक भाग. रेल्वे क्वार्टर्स म्हणणाऱ्या आणि क्वार्टर मागवणाऱ्या अशा दोघांनाही हा शब्द लगेच पटावा.

खोली ठरली की हातात चावी येते आणि ती शब्दशः आपलीच असते. पोर्तुगीजमध्ये चावीला आज म्हणतात ‘शाव’. मग आपल्या शब्दात ‘च’ कुठून आला? सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकही तो वर्ण ‘च’ असाच उच्चारत. पुढे लिस्बनकडच्या बोलीत त्याचा ‘श’ झाला. उत्तरेकडच्या काही भागांत जुना उच्चार टिकून राहिला, तसाच मराठीतही. लिस्बनच्या माणसाने सोडून दिलेला आवाज आपण चावीबरोबर जपून ठेवला आहे.

आता पोटाचं. जुन्या पाट्यांवर ‘काझा द पाश्तु’ असे शब्द आढळतात. काझा म्हणजे घर. पाश्तु म्हणजे खाणं, पण मुळात गुरांचं चरणं. चर्चमधला पास्टर म्हणजे मेंढपाळ, तो याच धातूचा. ‘जरा चरून येतो’ असं म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे नाव समजावून सांगायला नको. खाणावळीचं हे अगदी नेमकं पोर्तुगीज रूप. ‘ताश्का’ त्याहून छोटी आणि गप्पिष्ट: चार-सहा टेबलं, भिंतीवर कागदावर हाताने लिहिलेली यादी आणि स्वस्त वाइन. गोव्यातलं ‘तावेर्न’ मात्र लॅटिन ‘ताबेर्ना’चं, म्हणजे दुकानाचं किंवा झोपडीचं वंशज.

दुपारी यादीत ‘प्रातु दु दिया’ शोधावं. दिवसाचं ठरलेलं ताट, आणि बहुतेक ठिकाणी तेच सगळ्यात परवडणारं. हा ‘प्रातु’ म्हणजे ताट; आपली परात त्यावरून आली असं मानतात. तिथे तो एका माणसापुरता, आपल्याकडे येईपर्यंत पसरून पाच माणसांची कणीक मळण्याएवढा झाला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ रुंद, पसरट. संस्कृत ‘पृथु’ त्याचा भाऊबंद. त्या नात्याने परात पृथ्वीची दूरची बहीण लागते. यादीत ‘दोझ’ आणि ‘मेया दोझ’ असे दोन भाव असतील तर घाबरू नये. औषधाचा डोस तोच हा शब्द. ग्रीक अर्थ ‘दिलेलं’. इथे तो वाढपाचं माप आहे, आणि एका माणसाला अर्धा डोस पुरेसा होतो.

न मागता टेबलावर पाव, लोणी, ऑलिव्ह येतात त्याला म्हणतात ‘कुव्हेर’. ते फुकट नसतं. पण पोर्तुगालचा कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे: जे मागितलं नाही आणि ज्याला हात लावला नाही, त्याचे पैसे घेता येत नाहीत.

पावाबद्दल एक लोकप्रिय समज आहे की पीठ पायांनी तुडवत म्हणून तो पाव. ही कथा रंजक, पण खोटी. पोर्तुगीज ‘पांव’, लॅटिन ‘पानिस’, एवढाच त्याचा सरळ वंशवृक्ष. लिस्बनमधला भटारखाना म्हणजे ‘पादारिया’, पाववाला ‘पादैरु’; गोव्यात सायकलचा भोंगा वाजवत येणारा ‘पोदेर’ तोच. या पावात मसालेदार डुकराच्या मांसाचे काप घातले की होते ‘बिफाना’, लिस्बनचा वडापाव. नाव इंग्रजी ‘बीफ’वरून आलेल्या ‘बिफ’ या शब्दातून निघालेलं, आत मांस मात्र डुकराचं! सोबत बताता म्हणजे आपला बटाटा, किंवा ‘काल्दु वेर्द’ हे पालेदार कोबीचं सूप. तिथली कोबी ‘कोव’. शेजारच्या काचेच्या कपाटात ‘शमूसा’ दिसेल. हा प्रवास उलट्या दिशेने झालेला: आपला समोसा गोव्याच्या वाटेने लिस्बनच्या साध्या बेकऱ्यांत पोचला आणि आता तिथलाच झाला.

कॉफीच्या पाटीवर बऱ्याचदा एकाच पेयाचे दोन-तीन भाव असतात: बाल्कांव, टेबल आणि बाहेरची बैठक. बाल्कांव म्हणजे इथे काउंटर. उभ्याने प्यायलात तर स्वस्त. गोव्यात बाल्कांव म्हणजे घरापुढची ऐसपैस बसायची जागा. लिस्बनमध्ये उभं राहायचं, गोव्यात बसायचं, शब्द एकच. छोट्या कडक कॉफीला लिस्बनकर ‘बिका’ म्हणतात. ‘हे साखर घालून प्या’ या अर्थाच्या पोर्तुगीज वाक्याची ही आद्याक्षरं आहेत, अशी कथा 1905 मध्ये सुरू झालेल्या ‘अ ब्राझिलैरा’ कॅफेच्या नावाने सांगतात. तीही पायाने मळलेल्या पावाच्याच पंगतीत बसवावी, कारण बिका म्हणजे साधी तोटी. त्या वाक्यातली साखर, ‘असूकार’, मात्र खरीच आपली: शर्करा, मग फारसी, मग अरबी, मग लिस्बन.

शेवटी पैसे द्यायचे. त्याचं क्रियापद ‘पागार’. मूळ लॅटिनमध्ये अर्थ शांत करणे. देणेकऱ्याने घेणेकऱ्याला शांत करायचं. आपण त्या क्रियापदाचं नाम केलं आणि दिशाही फिरवली. तिथे पागार केला की खिसा रिकामा होतो, आपल्याकडे पगार झाला की भरतो.

यातले पोर्तुगीज शब्द ज्यांच्या तोंडून मराठीत आले, ते गव्हर्नर आणि कवी नव्हते. खलाशी, आचारी, पाववाले, कोठारांचे राखणदार यांनी ते आणले, म्हणूनच ते राहण्या-खाण्याच्या साध्या व्यवहारात आजही चालतात. वसई, चौल, रेवदंडा, सावंतवाडी या भागांतल्या घरांत असे आणखी शब्द नक्की असतील, जे कोशात अजून चढले नाहीत. आजी-आजोबांना विचारून ते अर्थासह लिहून ठेवावेत, आणि ते कोणत्या गावात, कोणत्या कामात ऐकले तेही.