ताप आला की थांबायचे नाही: एका वैद्यकीय नियमाचा इतिहास

१/७ केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला, तर डॉक्टर जंतूचे नाव कळण्याआधीच प्रतिजैविक सुरू करतात. आज साध्या वाटणाऱ्या या नियमामागे असंख्य रुग्णांचे मृत्यू आहेत.

२/७ १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिनमुळे तात्पुरता उतार पडल्याचे दाखवले. पुढे अधिक प्रभावी औषधे आली. परंतु ती अस्थिमज्जेवरही आघात करीत आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटत. कर्करोग आटोक्यात येत असतानाच रुग्ण संसर्गाने दगावू लागले.

३/७ हे जंतूही अनपेक्षित होते. स्युडोमोनास माती-पाण्यात आढळतो. निरोगी माणसाला तो क्वचितच बाधतो. १८१९ साली इटलीतील पादुआजवळ मक्याच्या लापशीवर रक्तासारखे डाग पाडणारा सेराशिया तर इतका निरुपद्रवी मानला गेला, की १९५० साली अमेरिकी नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोजवळ चाचणीसाठी त्याची फवारणी केली. कर्करोगाच्या वॉर्डात मात्र हेच जंतू जीवघेणे ठरले.

४/७ १९६६ साली जेराल्ड बोडी, बकली, साठे आणि फ्रायराइख यांनी तीव्र ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पांढऱ्या पेशी जितक्या कमी आणि जितके दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका अधिक, हे त्यातून आकड्यांनिशी सिद्ध झाले. जंतूच्या स्वभावाइतकेच शरीराच्या अवस्थेलाही महत्त्व आले.

५/७ अडचण वेळेची होती. कल्चरचा अहवाल यायला एक-दोन दिवस लागत. स्युडोमोनास तेवढी सवड देत नसे. शिवाय पू मुख्यतः पांढऱ्या पेशींचाच बनतो. त्या नसल्या की जखम चिघळल्याची खूणही पुसट होते. अनेकदा ताप हीच एकमेव सूचना उरते.

६/७ १९७१ साली बाल्टिमोरच्या स्टीफन शिम्प्फ व सहकाऱ्यांनी अहवालाची वाट न पाहता, ताप येताच कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन देण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष मांडले. हीच पद्धत पुढे जगभर रूढ झाली.

७/७ त्यानंतर जंतू बदलत गेले. शिरेत दीर्घकाळ ठेवलेल्या कॅथेटरमधून त्वचेवरचे साधे जंतूही रक्तात शिरू लागले. औषधांना दाद न देणारे प्रकार वाढले आणि प्रतिजैविकांची निवड कठीण झाली. औषधांची नावे बदलली. तापानंतरचा प्रत्येक तास मोलाचा, हा धडा मात्र कायम राहिला.