नाशिकच्या लेण्यातलं एक परदेशी कुटुंब

मंडळी, यंदा सुट्टीत नाशिकला जाणार असाल तर मुलांना पांडवलेण्यांत १७ नंबरच्या लेण्यापर्यंत जरूर न्या. बहुतेक जण ३ नंबरचं मोठं लेणं बघतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात.

१७ नंबरच्या ओसरीत एक शिलालेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. मजकूर थोडक्यात असा: उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा यवन, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने हे लेणं, आतलं चैत्यगृह आणि पाण्याची टाकी आपल्या आईवडिलांसाठी कोरवून भिक्षुसंघाला दिली. या दानात त्याचा मुलगा धम्मरक्षितही सामील आहे.

यवन म्हणजे मूळचे ग्रीक. आयोनियाच्या ग्रीकांना इराणी लोक 'यौन' म्हणत, त्याच ओळीतला आपला शब्द. पुढे पश्चिमेकडून आलेल्या कुणालाही तो लावू लागले, म्हणून हे घराणं रक्ताने ग्रीकच होतं असं ठामपणे म्हणता येत नाही. पण ते स्वतःला यवन म्हणवतात, हे महत्त्वाचं.

आता नावं बघा. आजोबा, बाप, मुलगा, तिघांचीही इथलीच! त्यातही इंद्र आणि अग्नी हे वैदिक देव, दान मात्र बौद्ध संघाला. मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात ग्रीकांचा धडा वेगळा, भारताचा वेगळा. इथे एकाच माणसात किती धडे आहेत!

सगळ्यांनी नावं बदलली असंही नाही. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याचा लेख आहे. हे नाव काही इथलं वाटत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब देणाऱ्या यवनांची नावं पुन्हा इथल्यासारखी, धम्म, सिंहध्वज वगैरे. प्रत्येक घराने आपापलं ठरवलेलं दिसतं, अगदी आपल्या ग्रुपमधल्या घरांसारखं.

असे लेख वाचून आपण लगेच म्हणतो, बघा, परके लोक आपले झाले! आणि न्यू जर्सीतल्या नातवाचं नाव ईथन ठेवलं की पुण्यातल्या आजीच्या घरी आठवडाभर शांतता. धम्मदेवाच्या आईलाही कुणीतरी विचारलं असेलच की, हे कसलं बाई नाव?

पायऱ्या बऱ्याच आहेत. सकाळी लवकर जा, पाणी सोबत ठेवा. आणि १७ नंबरला पोचलात की तिघांची नावं मुलांना मोठ्याने म्हणायला लावा.